मलेशियाचा जन्मदिवस ३१ ऑगस्ट नव्हे

१/ ३१ ऑगस्ट हा मलेशियाचा स्थापना दिन, असे सर्रास लिहिले जाते. हे विधान चुकीचे आहे. आणि ही चूक केवळ तारखेची नाही.

२/ ३१ ऑगस्ट १९५७ रोजी स्वतंत्र झाला तो मलाया, अकरा राज्यांचा संघ. सारावाक आणि उत्तर बोर्निओ (आजचे सबाह) त्या दिवशीही ब्रिटिशांच्या वसाहतीच होत्या. मलेशिया नावाचे राष्ट्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

३/ ते जन्मले १६ सप्टेंबर १९६३ रोजी. ९ जुलैच्या लंडन करारानुसार मलाया, सिंगापूर, सारावाक आणि सबाह एकत्र आले. ब्रुनेई दूर राहिले. सिंगापूर १९६५ मध्ये वेगळे झाले.

४/ बोर्निओची संमती बिनशर्त नव्हती. १९६२ च्या कॉबोल्ड आयोगाला तेथील साधारण एकतृतीयांश लोक विलीनीकरणाचे ठाम समर्थक आढळले. तितक्याच लोकांना आधी हमी हवी होती. म्हणूनच बाहेरून येणाऱ्यांच्या प्रवेशावरील नियंत्रणासारखे विशेषाधिकार या दोन राज्यांना मिळाले.

५/ आक्षेप असा घेतला जातो की संयुक्त राष्ट्रांतील १९५७ चे सदस्यत्वच पुढे चालू राहिले, म्हणजे राष्ट्र तेच. सदस्यत्व तेच राहिले, हे खरे. परंतु न्यूयॉर्कमधील आसनाने बोर्निओच्या जनतेचा इतिहास ठरत नाही. १९५७ मध्ये ती जनता त्या राष्ट्रात नव्हतीच.

६/ जन्म १९५७ चा मानला की सबाह आणि सारावाक संस्थापक उरत नाहीत, मागाहून जोडलेले प्रांत ठरतात. १९७६ च्या घटनादुरुस्तीने नेमके हेच केले: स्वतंत्रपणे नोंदलेली ही राज्ये तेरा राज्यांच्या एकाच यादीत ओढली गेली. ती मांडणी बदलण्यास डिसेंबर २०२१ उजाडावा लागला.

७/ २००७ मध्ये क्वालालंपूरने स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव थाटात साजरा केला. मलेशिया तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. १६ सप्टेंबरला देशभर सुट्टी मिळाली ती २०१० पासून, स्थापनेनंतर तब्बल ४७ वर्षांनी.

८/ ३१ ऑगस्ट हा मलायाच्या स्वातंत्र्याचा दिवस आहे आणि त्याचा मान अबाधित राहावा. मात्र त्याला मलेशियाचा जन्मदिवस म्हणणे म्हणजे करारावर सही करणाऱ्यांची नावे पुसणे होय.