डूख धरणारा प्राणी

यंदा ४ सप्टेंबरला गोकुळाष्टमी आहे. चेन्नईच्या अण्णा नगरातल्या आमच्या इमारतीत त्या दिवशी दारादारांतून तांदळाच्या पिठाची बाळपावलं देवघरापर्यंत उमटतात. शेजारी सीडै आणि मुरुक्कू तळले जातात, आमच्याकडे सुंठवडा होतो आणि वाट्या इकडून तिकडे फिरतात. शेजारच्या मामींच्या दिवाणखान्यात सोन्याच्या वर्खाचं एक तंजावर चित्र आहे, काळिंगनर्तनाचं. कालियाच्या फण्यावर बाळकृष्णाचा एक पाय टेकलेला, दुसरा उचललेला आणि एका हातात सापाची शेपटी. तंजावरच्या मराठी राजांच्या आश्रयाने ही कला बहरली. त्यामुळे असेल, पण इथे येऊन राहिलेल्या आम्हा मराठी माणसांना ते चित्र परकं वाटत नाही.

असाच हातात सापांच्या शेपट्या धरणारा आणखी एक माणूस याच तारखेला, वीस वर्षांपूर्वी गेला. स्टीव्ह अर्विन. नव्वदीच्या अखेरीस ज्या घरांत केबल आली, तिथल्या आज तिशी-पस्तिशीत असलेल्या मुलांना नाव ऐकताच खाकी अर्धी चड्डी आणि तो आरडाओरडा आठवेल. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये, बीअरवा या गावी त्याच्या आईवडिलांनी १९७० साली सरपटणाऱ्या प्राण्यांचं लहानसं उद्यान काढलं. त्यातच तो वाढला. १९९२ साली त्याचं लग्न झालं आणि मधुचंद्राला नवराबायको मगरी पकडायला गेले. त्या चित्रणातूनच ‘क्रोकोडाइल हंटर’ ही मालिका उभी राहिली. सापाकडे, मगरीकडे बघून आनंदाने ओरडणारा मोठा माणूस आमच्या मुलांनी तोवर पाहिला नव्हता. त्यांनी पाहिली होती ती काठी घेऊन धावणारी माणसं.

४ सप्टेंबर २००६, सोमवार. ग्रेट बॅरिअर रीफच्या बॅट रीफ भागात, उथळ पाण्यात, तो एका भल्यामोठ्या पाकट माशाच्या मागोमाग पोहत होता. पाकट म्हणजे स्टिंगरे. आमच्याकडे कासिमेडूच्या बंदरावर त्याला तिरुक्कै म्हणतात. जाळ्यात पाकट आला की आधी शेपटीचा काटा सांभाळायचा, ही शिस्त कोकणातल्या कोळ्याला आणि इथल्या मीनवराला सारखीच ठाऊक असते. तो काटा करवतीसारखा दातेरी आणि विषारी असतो. पाकट तो शिकारीसाठी वापरत नाही. आपण कोंडले गेलो असं वाटलं, की शेपटी उसळते. सोबतचे कॅमेरामन जस्टिन लायन्स यांनी पुढे २०१४ साली सांगितलं, की वर आलेली सावली त्या माशाला बहुधा शार्कची वाटली असावी. काटा छातीत, थेट हृदयापर्यंत गेला. अर्विन ४४ वर्षांचा होता. पाकटाच्या काट्याने माणूस दगावणं इतकं दुर्मीळ, की बातमीवर पहिल्यांदा अनेकांचा विश्वासच बसला नाही.

मग जे झालं त्याबद्दल आज लिहायचं आहे.

उद्यानाच्या दाराशी फुलांचा ढीग लागला. लोकांनी आपले खाकी सदरे आणून कुंपणाला अडकवले आणि त्यांवर निरोप लिहिले. क्वीन्सलँडच्या सरकारने राजकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्याची तयारी दाखवली. वडील बॉब अर्विन यांनी ती आदराने नाकारली. आपल्या मुलाला साधा माणूस म्हणूनच निरोप हवा असता, असं त्यांचं म्हणणं होतं. २० सप्टेंबरला त्याच उद्यानातल्या प्रेक्षागारात शोकसभा झाली. तिथे त्याची आठ वर्षांची मुलगी बिंडी उभी राहिली, हातातल्या कागदावरून बापाबद्दल बोलली आणि जगभर दूरचित्रवाणीसमोर बसलेली माणसं रडली. एखाद्या परक्या देशातल्या माणसासाठी आपल्या डोळ्यांत पाणी का यावं, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. घरातल्या मुलांना ज्याने पालीची शिसारी सोडायला शिकवली, तो परका कसला?

पण त्याच दिवसांत दुसरं काही घडत होतं. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यांवर मेलेले पाकट सापडू लागले. दहा तरी असावेत. त्यांतल्या काहींच्या शेपट्या छाटलेल्या होत्या. अर्विनच्या मृत्यूचा बदला म्हणून हे कोणी केलं असावं, अशी शंका तेव्हाच व्यक्त झाली. त्याने स्थापन केलेल्या ‘वाइल्डलाइफ वॉरियर्स’ या संस्थेच्या प्रमुखांना पुढे येऊन सांगावं लागलं, की असलं काही करू नका, स्टीव्हला हे मुळीच नको असतं.

आपल्याकडे म्हणतात, नाग डूख धरतो. मारलेल्या नागाच्या डोळ्यांत मारणाऱ्याची छबी उतरते आणि जोडीदार तिच्यावरून माग काढत येतो, हे आजीच्या तोंडून कोणी ऐकलं नाही? सापाच्या मेंदूत एवढं साठवण्याची सोय नाही, हे प्राणिशास्त्र शिकलेला कोणीही सांगेल. मग ही गोष्ट आपल्याला सुचली कुठून? क्वीन्सलँडच्या वाळूवर पडलेल्या त्या शेपट्या पाहिल्या की उत्तर मिळतं. त्या पाकटांपैकी एकही बॅट रीफवर नव्हता. माग काढत गेला तो माणूस, आणि त्याला छबीसुद्धा लागली नाही. जात एक असली की पुरे.

दुसरी प्रतिक्रिया सुशिक्षितांची होती. मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी जर्मेन ग्रीअर या नामवंत लेखिकेने ‘गार्डियन’मध्ये लिहिलं, की प्राणिसृष्टीने अखेर त्याच्यावर सूड उगवला. घरचे लोक अजून सावरलेही नव्हते. ऑस्ट्रेलियात त्या लेखावरून मोठा गदारोळ झाला. मराठीतही असल्या वेळी लोक ‘पट्टीचा पोहणाराच बुडतो’ म्हणतात आणि चहाचा कप उचलतात. ग्रीअर यांच्या लेखात एक मुद्दा मात्र मोलाचा होता आणि तो रागाच्या भरात वाहून गेला. रानटी प्राण्याला त्याची जागा लागते, कॅमेऱ्यासाठी त्याला उचलणं-दाबणं हा त्याचा छळ आहे, हा तो मुद्दा. २००४च्या जानेवारीत महिन्याभराच्या मुलाला काखेत घेऊन अर्विनने मगरीला मांस भरवलं होतं, तेव्हा जगाने त्याला झोडपलं, आणि ते बरोबर होतं. पण ‘सूड’ हा शब्द? पाकटाच्या शेपट्या छाटणारे आणि हा शब्द लिहिणाऱ्या विदुषी, दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरली: त्या माशाला अर्विनशी काही हिशेब चुकता करायचा होता. घाबरलेल्या जिवाने अंग सोडवून घेतलं, एवढं साधं कारण कोणालाच पुरेना.

हे सगळं दूर ऑस्ट्रेलियात झालं, म्हणून आम्ही सुटत नाही. ३१ जानेवारी २०२२ला शेजारच्या केरळात, कोट्टायम जिल्ह्यात, वावा सुरेश यांना नाग चावला. हे मल्याळी दूरचित्रवाणीवरचे घराघरांतले सर्पमित्र. साप उघड्या हाताने पकडायचे आणि जमलेल्या लोकांना दाखवायचे, ही त्यांची रीत. कोट्टायमच्या मेडिकल कॉलेजात ते आठवडाभर होते. राज्यभर प्रार्थना झाल्या आणि त्याच वेळी त्यांच्या पद्धतीवर जाणकारांनी कडक टीकाही केली. ते वाचले. आम्हाला त्या वेळी एकच गोष्ट खटकत राहिली. नाग चावला त्या क्षणाची चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली, आम्हीही पाहिली. तिच्यात मागे उभे असलेले लोक दिसतात. त्यांच्याबद्दल कोणी काही लिहिलं नाही.

महाराष्ट्रात सर्पमित्र हा शब्द आता गावोगाव आहे. पावसाळा लागला की फोन सुरू होतात, आणि दरवर्षी त्यांतला कोणीतरी जातो. बहुतेक वेळा पंचविशीतला मुलगा, बहुतेक वेळा नाग. शे-दोनशे सापांना जीवदान दिलेलं असतं आणि शेवटचा साप पिशवीत घालण्याआधी कोणीतरी ‘दादा, जरा वर धर ना’ म्हटलेलं असतं. दुसऱ्या दिवशी भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक लागतो. त्यावर फोटो कोणता? हातात फणा काढलेला नाग असलेला. ज्या सवयीने त्याचा जीव गेला तीच आपण त्याच्या फोटोभोवती हार घालून पुढच्या पोराला दाखवतो. २०२५च्या जुलैत राज्याच्या महसूलमंत्र्यांनी सर्पमित्रांसाठी ओळखपत्र आणि दहा लाखांच्या अपघात विम्याची घोषणा केली. ती हवीच होती. पण विमा मेल्यानंतरचा. त्याआधी त्या मुलाच्या हातात लांब आकडा, नळी लावलेली पिशवी आणि जाड बूट पडले पाहिजेत. आणि तालुक्याच्या दवाखान्यात लस पाहिजे, ती द्यायला न घाबरणारा डॉक्टर पाहिजे. आपल्या देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने मरतात, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतली कितीतरी शेतात, अंधारात, अनवाणी. त्यांच्यासाठी कोणी कॅमेरा लावत नाही.

नीलिमकुमार खैरे यांची आठवण इथे काढायलाच हवी. १९८० साली पुण्यात ते काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास बसले. गर्दी लोटली होती, तो विक्रम होता, तमाशाही होता, नाही कसं म्हणावं? पण त्यांना दाखवायचं होतं ते हे, की डिवचल्याशिवाय साप चावत नाही. त्यांनी काही वर्षांत कात्रजला सर्पोद्यान उभं केलं आणि पुण्याच्या दोन पिढ्यांनी साप तिथे पहिल्यांदा न घाबरता पाहिला. आमच्या मते खैरे आणि अर्विन एकाच घराण्यातले. लोकांना बोलावून आणण्यासाठी दोघांनी जीव पणाला लावला आणि आलेल्या लोकांना काहीतरी शिकवून परत पाठवलं. ती शिकवण किती लोकांनी घेतली आणि किती जण नुसता थरार घेऊन घरी गेले, याचा दोष त्या दोघांच्या माथी मारता येत नाही.

चेन्नईत राहून आम्हाला मात्र आणखी एक घराणं माहीत झालं. पूर्व किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेला निघालं की वडनेम्मेलीला रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ साली सुरू केलेली मगरींची बँक लागते. तिच्याच आवारात इरुळा आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, १९७८ सालची. इरुळा पूर्वी सापाची कातडी विकून जगत. वन्यजीव कायद्याने तो धंदा बंद पडला, तेव्हा व्हिटेकर यांनी त्यांच्या कसबाला दुसरी वाट काढून दिली. आज ते नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं पकडून आणतात. साप मातीच्या मडक्यात, तोंडाला कापड बांधून, तीन आठवडे ठेवतात. आठवड्याच्या अंतराने चार वेळा विष काढतात. मग पोटाच्या खवल्यावर खूण करून त्याला रानात सोडतात. खूण दिसत असलेला साप पुन्हा हाती लागला, तर तो तसाच सोडून द्यायचा. देशातल्या सर्पदंशाच्या लसीला लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा या मडक्यांतून येतो. महाराष्ट्रातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या शिरेत जी लस जाते, तिच्या मुळाशी चेंगलपट्टूच्या कुठल्यातरी बांधावर वाकलेला इरुळा असू शकतो. तो साप कधीच वर धरून दाखवत नाही. बिळाच्या तोंडाशी बसतो, माती बघतो, हाताने उकरतो. त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना फ्लोरिडाच्या दलदलीत माजलेले अजगर पकडायला अमेरिकेने बोलावून नेलं होतं. २०२३ साली दोघांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांचे फोटो छापायला शोधावे लागले असतील.

आमच्या ओटेरी नाल्याला पाणी चढलं, की इमारतीच्या पार्किंगमध्ये काहीना काही येतं. काही वर्षांपूर्वी एक लांबलचक धामण आली होती. कोणी बांबू आणला, कोणी अग्निशमन दलाला फोन लावला. त्यांचा माणूस आला तोवर सगळ्या मजल्यांवरचे लोक खाली उतरले होते, मुलं खांद्यांवर होती आणि आमच्यासकट प्रत्येकाच्या हातात फोन होता. त्याने गाडीखाली वाकून दोन मिनिटांत काम केलं. “अण्णा, ओरु फोटो!” असा गलका झाला. एक फोटो, अण्णा, नुसता वर धरा. त्याने गोणीचं तोंड बांधलं आणि एवढंच म्हणाला, “पाम्बु भयन्दिरुक्कु.” साप घाबरलाय. मुलं हिरमुसली. मोठेही हिरमुसले. गोणी उचलून तो निघून गेला आणि पुढे बराच वेळ तो माणूस शिष्ट होता की कसा, यावर जिन्यात चर्चा झाली.

अर्विनला घाबरलेला साप कळत नव्हता असं नाही, त्याला तो आपल्यापेक्षा कितीतरी आधी कळायचा. पण त्याच्या मागे कॅमेरा होता आणि कॅमेऱ्याच्या मागे आपण होतो. कार्यक्रमागणिक त्याने थोडं अधिक जवळ जावं असं आपल्याला वाटत होतं. तो गेल्यावर आपण रडलो, हसलो, कोणी शेपट्या छाटल्या. या तिन्हींत आपण होतो कुठे, हे विचारायला वीस वर्षं पुरेशी आहेत.

गेल्या गोकुळाष्टमीला सुंठवड्याची वाटी द्यायला गेलो, तेव्हा मामी स्टुलावर चढून त्या चित्राची काच पुसत होत्या. खालच्या कोपऱ्याशी फडकं आलं आणि तिथे, वर्षानुवर्षांच्या धुरकटपणाखालून, दोन लहान आकृत्या वर आल्या. कमरेपासून वर बायका, खाली साप. हात जोडलेल्या. कालियाच्या बायका. कथेत त्यांच्या विनवणीमुळे कृष्णाने त्याला मारलं नाही, रमणक द्वीपाकडे जाऊ दिलं. इतकी वर्षं त्या चित्रासमोर चहा पिताना त्या आम्हाला दिसल्या नव्हत्या. मामींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “आहेत की पहिल्यापासून. तुम्ही वरतीच बघता.”