आमराईतला दवाखाना

चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येरमाळ्याच्या येडेश्वरीची पालखी आमराईकडे निघते आणि भाविक शिवारात चुनखडी वेचायला वाकतात. गर्दी लाखांची, माळ उघडा, ऊन मराठवाड्याचं. एखादी म्हातारी उष्माघातानं कोसळली, तर आधी भरपूर पाणी ओतून, वारा घालून अंग थंड करायचं आणि मगच गाडीत घालायचं. हा क्रम चुकला, तर बार्शी किंवा धाराशिव गाठेपर्यंत मेंदूला इजा झालेली असते. पुस्तकात हे सगळं आहे. रुग्णवाहिका गर्दीत अडकली असताना ते निभवायचं कसं, याचा सराव मात्र कुणी करून घेत नाही.

असा सराव हा खरं तर मोहीम-वैद्यकाचा विषय. मोहिमेवरचा डॉक्टर म्हटलं की एव्हरेस्टचा तळ नाहीतर अंटार्क्टिका आठवतं. फोटोही झकास येतात! पण या वैद्यकाचं मूळ काम म्हणजे हाताशी असेल तेवढ्यावर, एकट्यानं निर्णय घेणं.

येरमाळ्यावरून जाणारा महामार्ग ज्या सोलापुरात पोचतो, तिथले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. युद्धभूमीजवळ शस्त्रक्रिया करत राहिले आणि 1942 मध्ये, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, तिथंच वारले. त्यांचं धाडस आपण सिनेमातून डोक्यावर घेतलं. त्यांच्या कामाची विद्या मात्र अभ्यासक्रमात आणली नाही.

जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं उदाहरण तर याहून बोलकं. 1976 मध्ये ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशानं माणसं डोळ्यांदेखत जात होती. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी हे टिपलं आणि 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पुढं त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरली आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेला हे सुचलं नसतं. तिथं विंचू चावलेला माणूस वेळेत पोचतच नव्हता.

तरीही एमबीबीएसनंतरची बंधपत्राची सेवा आपल्याकडे सजेसारखी काढली जाते. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. एकट्यानं केंद्र सांभाळण्याचं कसब कमावलं, तरी त्याला विशेषज्ञाचा मान कुठं आहे? ऑस्ट्रेलियात 1997 पासून ग्रामीण आणि दुर्गम वैद्यकाची स्वतंत्र संस्था आहे. तिथं भूल, प्रसूती, अपघात सारं हाताळणारा डॉक्टर घडवला जातो आणि त्याला तशी ओळखही मिळते.

धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यानं पुढच्या चैत्रात आंतरवासितेतली एक तुकडी अनुभवी शिक्षकांसह आमराईत बसवावी. बर्फ, पाण्याचे पंप, सलाईन, साप-विंचवावरची औषधं सोबत द्यावीत. संध्याकाळी दिवसभरातल्या रुग्णांवर तिथंच वर्ग घ्यावा, आणि या कामाचे गुण अंतिम मूल्यमापनात धरावेत.