काडतुसाची लांबी किती?
अमेरिकेत स्वतःची काडतुसं घरीच भरणारे शिकारी आणि नेमबाज बरेच, आणि त्यांच्यातला जुना वाद म्हणजे काडतुसाची एकूण लांबी. '.३०८ विंचेस्टर' हे १९५२ सालचं काडतूस घ्या. तिथल्या उद्योगमानकात त्याची कमाल लांबी २.८१० इंच, म्हणजे सुमारे ७१.४ मिलिमीटर. हा आकडा आदर्श नव्हे. काडतूस मॅगझिनमध्ये मावावं आणि त्या मापाच्या कुठल्याही रायफलीत चालावं म्हणून आखलेली ती हद्द आहे. अचूकतेसाठी पाहायचं ते गोळीच्या फुगवट्यापासून नळीतल्या आट्यांपर्यंतचं अंतर. रायफल बदलली, गोळी बदलली, की तेही बदलतं. गोळ्यांची टोकं एकसारखी नसल्यानं जाणकार फुगवट्यापासूनच मोजतात. गोळी आट्यांना टेकवली की नेम सुधारतो, असं अनेकजण मानतात. काही रायफलींत ते खरंही ठरतं. पण टेकलेली गोळी सुरुवातीलाच अडते आणि दाब चढतो. फार खोल बसवली तर पुंगळीतली जागा घटून पुन्हा दाबच वाढतो. शिवाय आट्यांत रुतलेली गोळी न झाडता बोल्ट ओढला, तर ती नळीतच राहून दारू सांडू शकते. शिकारीला निघालेल्यानं हा धोका पत्करू नये. आणि लांबी बदलली, तर दारूचं प्रमाण आधी खाली आणा. मग काडतुसं भरण्याच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत राहून पायरीपायरीनं चढवा.