उजेड खोटा, तर लढाई खोटी

मुक्काम जुनवानी, भिलाई

आज भांडण काढायचंय. जुन्या लढाऊ विमानांची चित्रं काढणाऱ्यांशी, आणि त्याहून जास्त त्या चित्रांना बक्षिसं देणाऱ्यांशी. आर्मीतला माणूस विमानांच्या रंगात कशाला नाक खुपसतो, असं एअर फोर्समधले कोर्समेट विचारतील. उत्तर सोपं आहे. विमान वर असतं तेव्हा खाली आम्ही असतो.

लोंगेवाला घ्या. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची २३ पंजाबची कंपनी शत्रूच्या रणगाड्यांसमोर ठाण मांडून होती. जैसलमेरला हंटर विमानं होती, पण हंटरला रात्री लढता येत नव्हतं. म्हणजे त्या रात्री सगळा हिशेब एकाच प्रश्नावर अडला होता: उजाडणार कधी? ५ तारखेला उजाडलं, हंटर आले आणि लढाई फिरली.

आता याच लढाईची चित्रं बघा. इथे जुनवानीत एका सोसायटीने मला चित्रकला स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावलं होतं. विषय होता १९७१ चं युद्ध. मोठ्या गटातल्या बहुतेक चित्रांत आकाश निळंशार, भरदुपारचं. विमान चंदेरी, चकचकीत, मागे तिरंगी धूर. सावली असलीच तर बरोबर पोटाखाली, काळीकुट्ट. यात मुलांचा दोष नाही. २६ जानेवारीला चौकाचौकांत लागणारे फ्लेक्स बघूनच ती शिकतात. माझे सहपरीक्षक म्हणाले, "सर, भावना महत्त्वाची. रंगाचं काय एवढं?"

रंगाचं काय, ते सांगतो.

डिसेंबरात सूर्य पूर्वेपेक्षा बराच दक्षिणेला सरकून उगवतो. सकाळी तो क्षितिजापासून दहा अंश वर असेल आणि विमान तीस मीटर उंचीवरून जात असेल, तर त्याची सावली पोटाखाली पडत नाही. ती जवळजवळ १७० मीटर दूर पडते. रणगाड्याची सावली त्याच्या उंचीच्या साडेपाच पट लांब होते. वाळूतल्या चाकोऱ्यांच्या कडासुद्धा उठून दिसतात. हवेतून काढलेल्या त्या प्रसिद्ध फोटोंमध्ये रणगाड्यांच्या चाकोऱ्यांचे गोल गोल वळसे आहेत ना, त्यांत त्या सकाळची सगळी धावपळ आहे. डोक्यावरचा सूर्य काढलात की हे सगळं पुसलं जातं. मग रात्रभर वाट कशाची पाहिली, हे चित्र बघणाऱ्या पोराला कळणार कसं?

सावली काळी तर नसतेच. निरभ्र दिवशी तिच्यावर आकाशाचा उजेड पडतो, म्हणून वाळूवरची सावली निळसर दिसते. विमान जितकं उंच, तितक्या सावलीच्या कडा पुसट. दूरचं विमान जवळच्यापेक्षा फिकं. शाळेतला कोणताही मुलगा गच्चीवर उभा राहून घारीकडे बघत हे शिकू शकतो.

तिरंगी धुराबद्दल तर बोलायलाच नको. प्रदर्शनातला धूर लोकांनी वर बघावं म्हणून असतो. युद्धातल्या विमानाचा रंग कुणी बघू नये म्हणून दिलेला असतो.

चंदेरी रंगाची गोष्ट भिलाईत तरी समजावून सांगावी लागू नये. स्टील प्लांटमध्ये आयुष्य काढलेल्या कुठल्याही काकांना विचारा, उघड्या धातूला स्वतःचा रंग किती असतो. तो वरून आकाश घेतो, खालून जमीन घेतो. उघड्या धातूचं विमान रंगवताना पाठ निळी, पोट मातीचं आणि मध्ये क्षितिजाची गडद रेघ हवी. बाटलीतला चंदेरी रंग फासला की विमानाचा डबा होतो.

चिन्हांचंही तेच. १९४४ मध्ये इम्फाळला अर्जनसिंग यांच्या स्क्वाड्रनची हरिकेन विमानं लढली, तेव्हा चिन्हात निळ्याच्या दोन छटा होत्या. जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून लाल काढून टाकला होता. आजचं तिरंगी वर्तुळ १९५० नंतरचं. हरिकेनवर ते काढणं म्हणजे शिवाजी महाराजांच्या मावळ्याच्या हातात रायफल देणं.

कलावंताला मोकळीक हवी, असं कुणी म्हणेल. जरूर हवी. पण मोकळीक माहिती असणाऱ्याने घ्यायची असते. माहिती नसताना घेतली तर तो आळस, आणि आळसाला देशभक्तीचा युनिफॉर्म घातला की त्याला कुणी हटकत नाही. काळजीने काम करता येतं, याचा पुरावा आपल्याच हवाई दलात आहे. २०१८ मध्ये ताफ्यात आलेल्या जुन्या डाकोटाला त्यांनी व्हीपी ९०५ हा क्रमांक दिला, कारण २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला १ सिखचे जवान उतरवणाऱ्या डाकोटाचा तोच क्रमांक होता. शेपटीवरच्या एका क्रमांकाची एवढी कदर.

म्हणून शिक्षकांना, मंडळांना आणि फ्लेक्स छापणाऱ्यांना माझी एकच मागणी आहे. युद्धाच्या प्रत्येक चित्राखाली तीन गोष्टी लिहायला लावा: तारीख, वेळ आणि सूर्य कुठल्या बाजूला होता. मुंबईची मुलं असतील तर त्यांना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात न्या आणि तिथलं मारुत विमान एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी बघू द्या. ज्यांना या तीन ओळी लिहिता येतील, त्यांना हवं तसं रंगवू द्या. ज्यांना येणार नाहीत त्यांना बक्षीस देऊ नका, तिरंगा कितीही मोठा काढलेला असो.