आपल्यातलं विरजण



शिबिर संपून सतरंज्या गुंडाळताना कुणीतरी हळूच पदर ओढतं, हा आता नेहमीचाच अनुभव झाला आहे. रेशनवर, दारूवर, पोटगीवर सगळ्यांसमोर ठणकावून बोललेली बाई कानाशी येते आणि म्हणते, "ताई, अंगावरून पांढरं जातं." गेल्या पावसाळ्यात अशीच एक जण थांबली. "मी रोज दोनदा आतून साबणानं धुते. तरी वास जात नाही. मीच घाण आहे का हो?"

तिला मी काय सांगणार होते? कॉलेजात असताना मीही तुरटीच्या पाण्यानं धूत होते. डॉक्टरांनी न तपासताच गोळ्या लिहून दिल्या आणि वर "स्वच्छता पाळा" असं बजावलं. महिन्याभरात त्रास परत. मग मी आणखी धुवायला लागले.

धुणंच नडत असेल, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. खरं तर माहिती जुनी आहे. १८९२ साली आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञानं योनीमार्गात राहणाऱ्या काडीच्या आकाराच्या जीवाणूंचं वर्णन केलं. आज त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतात. दह्याच्या विरजणातल्या जीवाणूंच्याच गोतावळ्यातले. पाळी सुरू झाली की इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखर साठते. तिच्यावर हे जीवाणू जगतात आणि दुग्धाम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला सामू साधारण ३.८ ते ४.५ राहतो, म्हणजे चांगलाच आंबट, आणि त्या आंबटपणात रोगजंतूंना सहसा हातपाय पसरता येत नाहीत. तेव्हा रोजचा थोडा पांढरट, आंबूस वासाचा स्राव ही घाण नव्हे. पाळीच्या मध्यावर तो वाढतो, गरोदरपणात वाढतो, पाळी गेल्यावर कमी होतो. हाडं झिजून पांढरं जातं, ही तर निव्वळ भीती.

साबण असतो अल्कधर्मी. आत घातला की हे विरजण बिघडतं, सामू चढतो आणि एरवी मूठभर असलेले दुसरे जीवाणू बोकाळतात. स्राव पातळ, करडा होतो, माशासारखा वास येतो. वास आला म्हणून पुन्हा धुवायचं! याला डॉक्टर बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. धुणं हे त्याचं एकच कारण नाही, पण आपल्या हातातलं आहे. बाहेरून साधं पाणी पुरे. (दही आत लावू का, असंही बायका विचारतात. नको. दह्यातले जीवाणू वेगळ्या जातीचे, ते तिथं घर करत नाहीत.)

मात्र प्रत्येक पांढरं एकच नसतं. दह्याच्या कवड्यांसारखं आणि सोबत खाज असेल तर बहुधा बुरशी. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास. औषधं वेगवेगळी, म्हणून तपासणी हवी. आणि तीच होत नाही. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, की ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तपासणी नाही, पण ऑपरेशन मात्र लगेच होतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या २०१९ सालच्या सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पांढरं जातं, पोट दुखतं एवढं सांगायला गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेतल्याच्या हकिकती तेव्हा बाहेर आल्या. गोळ्यांनी बरं होणाऱ्या दुखण्यासाठी पिशवी!

गोळ्या घेऊनही हे दुखणं पुष्कळ जणींना वर्षाच्या आत उलटतं. का, याचं एक उत्तर मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासातून आलं. एकमेकांशीच संबंध असलेल्या जोडप्यांमध्ये फक्त बाईला औषध दिलं तेव्हा बारा आठवड्यांत ६३ टक्के जणींना त्रास परत झाला. पुरुषालाही सात दिवस गोळ्या आणि लावायचं मलम दिलं तेव्हा ३५ टक्के जणींना. म्हणजे हे जीवाणू पुरुषाच्या अंगावरही मुक्काम करतात आणि परत येतात. आजवर आपण काय ऐकत आलो? तुझीच स्वच्छता नाही, तुझंच काहीतरी बिघडलं आहे. कुठं कुठं तर चारित्र्यापर्यंत गोष्ट गेली.

त्या मैत्रिणीला पुढच्या खेपेला हे सगळं सांगितलं. साबण तिनं बंद केला होता, तपासूनही आली होती. नवऱ्याच्या औषधाचं ऐकल्यावर मात्र ती बराच वेळ सतरंजीचा कोपरा दुमडत बसली. मग म्हणाली, "ताई, हे त्याला घरी येऊन तुम्ही सांगाल?"

पुढच्या रविवारी जाणार आहे.