आठवे नाव

8 डिसेंबर 2024 रोजी दमास्कस बंडखोरांच्या हाती पडले, सीरियाचे अध्यक्ष बशर अल असद देश सोडून गेले, आणि त्याच आठवड्यात यशयाच्या सतराव्या अध्यायाचे पहिले वचन मोबाइलवर फिरू लागले. दमास्कस हे नगर नगर म्हणून उरणार नाही, त्याचा ढिगारा होईल, असा त्याचा आशय. मला ते अमरावतीहून आले, अकोल्याहूनही आले. कुणी खाली हात जोडले होते, कुणी फटाक्यांची चित्रे लावली होती. एकाने अस्सल वऱ्हाडीत लिहिले होते, ‘बरं झालं, जिरली त्यायची.’

कुणाची जिरली, ते त्याच अध्यायात लगेच पुढे आहे. तिसऱ्या-चौथ्या वचनाला संदेष्टा दमास्कसवरची नजर काढून आपल्याच लोकांकडे वळतो. एफ्राइमचा कोट जाईल, याकोबाचे वैभव उतरेल, त्याच्या अंगावरचे मांस झडेल. पुढे जैतुनाच्या झाडाचा दाखला आहे: फळे झोडून झाल्यावर शेंड्याला दोन-तीन उरावीत, तेवढेच लोक उरतील. आपल्याकडे शेवटच्या वेच्यानंतर पऱ्हाटीवर चारदोन बोंडे राहतात, तशी ती गत. फिरणाऱ्या मजकुरात हे काहीच नव्हते. पहिले वचन ठेवून बाकीचा अध्याय कापला होता, आणि कापणाऱ्याला आपण काही कापले असे वाटलेही नसेल.

इब्री संदेष्ट्यांच्या ग्रंथांत परराष्ट्रांविषयीच्या वचनांचा भाग मोठा आहे. यशयात तेरा ते तेवीस हे अध्याय, यिर्मयात शेहेचाळीस ते एक्कावन्न, यहेज्केलात पंचवीस ते बत्तीस. आमोसाची तर सुरुवातच त्यांनी होते. बाबेल, मिसर, मवाब, अम्मोन, अदोम, सोर, पलिष्टी, अश्शूर अशी नावे एकामागून एक येतात. या पानांचा उपयोग आज दोन प्रकारे होतो. कुणी त्यांत उद्याच्या युद्धाचे वेळापत्रक शोधतो, कुणी शत्रूला द्यायचा शाप. माझ्या मते दोघांनीही ही पाने अर्ध्यावर सोडलेली असतात.

आमोसाचेच घ्या. यहूदातल्या तकोवा गावचा हा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. काळ इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकाचा. तो आपला प्रदेश सोडून उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला आणि बोलू लागला. त्याने घेतलेली नावे नकाशावर बोट ठेवून पाहा. ईशान्येला दमास्कस, नैऋत्येला गज्जा, वायव्येला सोर, आग्नेयेला अदोम, मग पूर्वेकडचे अम्मोन आणि मवाब. दमास्कसने गिलाद प्रांताची लोखंडी अवजारांनी मळणी केली, खळ्यावर ज्वारीची कणसे मळावीत तशी. गज्जाने आणि सोरने गावेच्या गावे गुलाम म्हणून विकली. अम्मोनने सीमा वाढवण्यासाठी गर्भवती बायांची पोटे चिरली. प्रत्येक नावाला ऐकणाऱ्यांच्या माना डोलल्या असतील. हे सगळे त्यांचे जुने वैरी.

सहावे नाव मवाबाचे. तिथे थोडे थांबले पाहिजे. मवाबाचा गुन्हा काय, तर त्याने अदोमच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला. अदोम इस्राएलचा वैरी. त्याच्यावर निवाडा नुकताच सुनावून झालेला. म्हणजे एका परक्याने दुसऱ्या परक्याच्या प्रेताची विटंबना केली, इस्राएलचे त्यात काहीच गेले नाही, तरी देवाने तो अपराध नोंदवला. वैऱ्याच्या प्रेतालाही मान असतो आणि तो मोडणाऱ्याला जाब द्यावा लागतो, हे एका मेंढपाळाने पावणेतीन हजार वर्षांपूर्वी भर लोकांत सांगितले. ‘आपल्या माणसावर झाला तरच अन्याय’ हा हिशेब त्याने तिथेच मोडला.

मग सातवे नाव आले: यहूदा. ही बोलणाऱ्याची स्वतःची भूमी. आणि आठवे नाव इस्राएल, म्हणजे समोर बसून मान डोलावणारे. त्यांच्यावरचा आरोप सगळ्यांत लांब आहे आणि त्यात लढाई कुठेच नाही. नीतिमान माणूस रुप्यासाठी विकला, गरीब एका जोड्यासाठी विकला, गहाण घेतलेली वस्त्रे अंथरून त्यांच्यावर वेदीशेजारी बसले. याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात तो बाजारात शिरतो: माप लहान, वजन मोठे, तराजू खोटा, आणि गव्हाच्या नावाखाली गाळसाळ.

वऱ्हाडातल्या माणसाला याचा अर्थ टीकाग्रंथात शोधावा लागत नाही. अमरावती, अकोला, खामगाव ही शहरे कापसावर वाढली. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, 1861 ते 1865, इथला कापूस सोन्याच्या भावाने गेला, आणि ती लढाई संपताच भाव कोसळले. बाजारात गाडी सोडणाऱ्या कुणब्याला अडत्याची आणि मापाऱ्याची भीती होती. कारंज्याला 1886 मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, तो देशातला पहिला. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. अडते आणि मापारी यांना परवाने, देखरेखीला समिती. इंग्रजांना आपल्या गिरण्यांसाठी निर्भेळ कापूस हवा होता हे खरेच. पण तराजूवर कुणीतरी नजर ठेवली पाहिजे हे कायद्याने मान्य केले, तेही वऱ्हाडात. गहाण पडलेली जमीन, सावकाराचा कागद, काट्यावर मारलेले वजन यांची याद इथल्या घराघरांत आहे. आमोसाचे आठवे नाव इथे वाचले तर त्यात आपले गाव दिसते.

संदेष्ट्यांचे हे ग्रंथ या भागात रुजवण्यात अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांचा वाटा मोठा. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला, खामगाव, अमरावती भागात काम मांडले. त्यांच्या दृष्टीने योना संदेष्ट्याला जिथे इशारा द्यायला धाडले ती निनवे नगरी म्हणजे आपण होतो: परके, मूर्तिपूजक, निवाड्याच्या छायेतले. 1899-1900 चा छपन्नचा दुष्काळ आला. 1891 मध्ये सुमारे 28 लाख 97 हजार असलेली वऱ्हाडाची लोकसंख्या 1901 मध्ये 27 लाख 54 हजारांवर आली. दुष्काळ हा देवाचा कोप, असे म्हणणारे तेव्हा सगळ्याच धर्मांत होते. तरी याच मिशनऱ्यांनी पोरकी मुले गोळा केली, अकोला-खामगाव भागात अनाथालये चालवली. निवाड्याची भाषा बोलणाऱ्याला भुकेले पोर समोर आल्यावर दया करावी लागली. त्यांच्या धर्मांतराच्या हेतूविषयी वाद घालता येतो आणि घातलाही पाहिजे. वाचलेल्या मुलांचे वाचणे त्या वादात पुसले जाऊ नये.

याच काळात पंडिता रमाबाई दुष्काळातल्या मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती सदनात आणत होत्या. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते. पुढे त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषा शिकून सगळे बायबल साध्या मराठीत आणले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या आणि 1924 मध्ये तो ग्रंथ पूर्ण छापून निघाला. उपाशी माणसे डोळ्यांनी पाहिलेल्या बाईने योनाची गोष्ट मूळ भाषेतून मराठीत लिहिली, हे मला फार मोलाचे वाटते.

कारण परराष्ट्रांवरचा सगळा वाद योनाच्या चार लहान अध्यायांत एकवटला आहे. निनवे ही अश्शूरची नगरी. अश्शूरने इसवी सनापूर्वी 722 च्या सुमारास इस्राएलची राजधानी शोमरोन पाडली आणि लोकांना हाकलून नेले. यहूदातल्या लाखीशच्या वेढ्यात कैद्यांची सोललेली कातडी अश्शूरच्या राजाने अभिमानाने दगडात कोरून घेतली. ते शिल्प आज लंडनला पाहायला मिळते. अशा नगरीत जाऊन इशारा दे, असे योनाला सांगितले गेले आणि तो उलट दिशेच्या गलबतात बसला. मासा सगळ्यांना ठाऊक असतो. गोष्टीचा गाभा चौथ्या अध्यायात आहे. निनवेने उपास केला, गोणपाट नेसले, देवाने अरिष्ट आवरले, आणि संदेष्टा संतापला. तू दयाळू आहेस हे मला माहीत होते, म्हणूनच मी पळालो, असे तो देवाच्या तोंडावर सांगतो. देव क्रूर आहे ही त्याची तक्रार नव्हतीच. त्याला त्यांची जिरलेली पाहायची होती.

तो नगराच्या पूर्वेला मांडव घालून बसला, आता काय होते ते पाहत. त्याच्या डोक्यावर एक झाड वाढले. इब्री शब्दाचा अर्थ पुष्कळ अभ्यासक एरंड असा लावतात. रात्रीत वाढले, दुसऱ्या दिवशी किडीने खाल्ले, झळा लागल्या, आणि योना मरण मागू लागला. त्यावर देवाने त्याला विचारले ते मी माझ्या शब्दांत सांगतो: जे तू लावले नाहीस, वाढवले नाहीस, त्या झाडासाठी तुझा जीव तुटतो, मग डावे-उजवे न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसे आणि इतकी जनावरे जिथे आहेत, त्या नगरीसाठी माझा तुटू नये? ग्रंथ या प्रश्नावर संपतो. गाडगेबाबांचे कीर्तन ज्यांनी ऐकले त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. बाबाही समोरच्या माणसाला प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढत.

संदेष्ट्यांत सगळीकडे दयाच आहे असे मी म्हणणार नाही. नहूमचा ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत निनवेच्या नाशाचा आनंद आहे. ओबद्या अदोमला सोडत नाही. पण यिर्मया मवाब, अम्मोन आणि एलाम यांच्यावर घाव घालून शेवटी त्यांचे दिवस परत फिरवीन असे देवाकडून वदवतो. यशयाच्या सोळाव्या अध्यायात मवाबाचे मळे उजाड झाले म्हणून रडणे आहे. एकोणिसाव्यात तर मिसरला देव माझे लोक म्हणतो आणि अश्शूरला माझ्या हातची कृती; इस्राएल त्यांच्याबरोबर तिसरा. नहूम आणि योना एकाच बारा लघुसंदेष्ट्यांच्या गुंडाळीत जवळजवळ आहेत. यहुदी परंपरेने वर्षातल्या सर्वांत पवित्र, प्रायश्चित्ताच्या दिवशी वाचायला योना निवडला. मराठी बोलणारे आपले बेने इस्राएल त्या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत आले.

आणि योना फक्त त्यांचा किंवा चर्चचा नाही. अकोल्या-अमरावतीच्या मशिदींत तो हजरत युनुस आहे. कुराणाची दहावी सुरा त्याच्या नावाची, आणि वेळेवर शुद्धीवर येऊन वाचलेली वस्ती म्हणून त्याच्या लोकांचा उल्लेख तिथे आहे. मोसुलमधली, जुन्या निनवेच्या जागेवरची, त्याच्या नावाची मशीद 24 जुलै 2014 रोजी आयसिसने सुरुंग लावून उडवली. दुसऱ्याच्या नाशात धर्म पाहणारे कुठपर्यंत जातात, ते निनवेच्याच मातीवर जगाने पाहिले.

आपल्याकडे काय झाले? नोव्हेंबर 2021 मध्ये देशाच्या दुसऱ्या टोकाला, त्रिपुरात, घडलेल्या घटनांवरून अमरावतीत 12 तारखेला मोर्चा निघाला, दगड पडले, 13 तारखेला बंद झाला, पुन्हा दुकाने फुटली, मग संचारबंदी. 13 मे 2023 रोजी अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल पेटली आणि एका माणसाचा जीव गेला. दोन्ही वेळा दोन्ही बाजूंना मांडव घालून बसलेले योना होते, मोबाइल उघडून, आता काय होते ते पाहत. ज्याची हातगाडी जळाली तो मवाबाचा की अदोमचा, हे आधी विचारले गेले, आणि हळहळायचे की नाही ते मग ठरले.

चर्चमध्ये उपदेश करणाऱ्यांना, मशिदीत खुतबा देणाऱ्यांना आणि कीर्तनाला उभे राहणाऱ्यांना माझी विनंती आहे. परक्यांच्या पापांची यादी वाचायची तर जरूर वाचा. अत्याचाराला अत्याचार म्हटलेच पाहिजे, मग तो कुणीही करो. फक्त सहाव्या नावावर पुस्तक मिटू नका. सातवे नाव घ्या, ते वाचणाऱ्याचे आहे. आठवे घ्या, ते समोर बसलेल्यांचे आहे. आणि ते वाचून झाले की त्याच बैठकीत योनाचा चौथा अध्याय मोठ्याने वाचा. मराठीत तो पुरता एक पानही भरत नाही.