पेटीवरची बंदी आणि पट्ट्यांचा प्रश्न

ऑल इंडिया रेडिओने १ मार्च १९४० पासून भारतीय संगीताच्या साथीतून पेटी काढून टाकली आणि जवळजवळ तीन दशके ती बाहेरच राहिली. मी आयुष्यभर शासकीय आदेशांचे मसुदे केले. दोष यंत्राच्या रचनेत असताना यंत्रालाच दाराबाहेर घालवणारा हा आदेश मला आमच्या कार्यपद्धतीचा नमुनाच वाटतो.

आरोप खोटा नव्हता. सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेल्या पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका चढा असतो. तयार कानाला तो बोचतो. पण सदोष पेटी सुधारता येते, हे तेव्हाही अज्ञात नव्हते.

१८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये बोझन्केट याने सप्तकाचे ५३ भाग करणारी पेटी उभी केली. तिच्या पट्ट्या पायऱ्यांसारख्या चढत्या ओळींत मांडलेल्या होत्या. त्यामुळे षड्ज कोठेही धरला तरी बोटांची ठेवण तीच राही. गायकागणिक षड्ज बदलतो अशा आपल्या देशात या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. १८७७ मध्ये बोझन्केटने हिंदुस्थानी सप्तकाच्या विभागणीवर निबंधही लिहिला. पुढे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी श्रुतींची पेटी करवून घेतली. १९१६ च्या बडोदा परिषदेत ती वादाचा विषय ठरली. (निवृत्तीनंतर सुरांच्या मागे लागणारे आमच्या जमातीत पूर्वापार आहेत.) पितळी रीड एकदा घासले की सूर ठरून जातो. श्रुतींच्या स्थानांवर पंडितांचेच एकमत नसताना देवल-क्लेमेंट्स यांनी एक मत धातूत कोरले होते.

इलेक्ट्रॉनिक फलकात हा पेच उरत नाही. पट्टी फक्त बोट कोठे पडले एवढेच कळवते. सूर किती कंपनांचा, हे वादक रागाप्रमाणे ठरवतो, सतारीचा पडदा सरकवावा तसे. २८० षटकोनी पट्ट्यांचा लुमाटोन पाश्चात्त्य बाजारात आहेच. आडवे येते ते मानक. १९८३ च्या मिडी मानकात सुरांचे क्रमांक १२८. बारा सुरांच्या हिशेबाने ते दहा सप्तकांना पुरतात. २२ श्रुतींना सहा सप्तकेही भरत नाहीत आणि ५३ भागांना अडीचही नाहीत. २०२० च्या मिडी २.० ने प्रत्येक सुराची उंची स्वतंत्रपणे सांगण्याची सोय केली, तरी दुकानातला कीबोर्ड अजून बाराच पट्ट्यांचा असतो.

यासाठी नवे प्राधिकरण मुळीच नको. संगीत नाटक अकादमीने एखाद्या आयआयटीला सोबत घेऊन बहुस्तरीय फलकाचा खुला आराखडा तयार करावा आणि तो कोलकात्याच्या पेटी-कारागिरांना, पालिताण्याच्या रीड बनवणाऱ्यांना विनामूल्य द्यावा. श्रुतींची कोणतीही यादी मात्र त्यात ‘अधिकृत’ म्हणून घालू नये. सरकारी शिक्क्याचा गंधार ही १९४० च्या आदेशाचीच दुसरी आवृत्ती होईल. मिडीच्या पुढच्या आवृत्त्या ठरतील तेव्हा भारताचा प्रतिनिधी टेबलाशी असावा, आणि तो वाजवणारा असावा.

मींड यातून पूर्णपणे येणार नाही. पट्टीवर बोट हलवले की सूर सरकवणारे संवेदक निघाले आहेत, पण ते सारंगीची जागा घेतील असे मी म्हणणार नाही. आकाशवाणीने सारंगीवादकही नेमावेत, आणि त्यांची तरतूद या फलकाच्या खर्चातून कापू नये.